भरलेल्या पोटऱ्या

बाबा, तुमच्या नातीला दिवस गेलेत. तिचा मामा एकोणिसाव्या वर्षीच गेला, म्हणून डॉक्टरीणबाईंनी आम्हा मायलेकींचं रक्त तपासायला सांगितलं होतं. काल कल्याणला जाऊन रिपोर्ट आणला. बाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. स्नायूच्या प्रत्येक धाग्यावर पातळ पापुद्रा असतो आणि त्याला आतून धरून ठेवणारं एक प्रथिन असतं. माझ्या भावाच्या अंगात ते तयारच होत नव्हतं. नुसतं चाललं तरी पापुद्रा फाटायचा, आणि झिजलेल्या मांसाच्या जागी चरबी भरायची. म्हणून त्याच्या त्या भरलेल्या पोटऱ्या.

किती मिरवलंत हो तुम्ही त्यांना! मुरबाडच्या बाजारात कुणी ओळखीचं भेटलं की भावाला पुढे उभं करायचात. "बघा, नांगर धरंल हा." आणि त्या भाताच्या आवणीच्या दिवशी तो रोपांच्या मुठी घेऊन बांधावर बसला, उठताना मांड्यांवर हात टेकत टेकत उभा राहिला, तर सगळ्यांसमोर ओरडलात, "येवढ्या पोटऱ्या न् म्हाताऱ्यावानी उठतंस? खायला काळ न् भुईला भार!" तो नुसता हसला. अंग राबलं की घट्ट होतं म्हणून तुम्ही त्याला दिवसभर चिखलातून पळवलंत. मला अजून राग येतो.

दोन वर्षांनी तो चालेना, तेव्हा पाठीवर घेऊन शाळेत सोडणारेही तुम्हीच. आई मात्र त्यानंतर तुमच्याशी धड बोलली नाही. "तुमीच राबवून मोडलंत माझं पोर," एवढंच म्हणायची. तुम्ही कधी उलट बोलला नाहीत. तो गेल्यावर तर, स्वतः जाईपर्यंत, भरल्या ताटावरून उठायचात.

बाबा, तो तुमच्यामुळे गेला नाही. राबवला नसतात तरी त्याचे पाय थांबलेच असते, हे मी बाईंना दोनदा विचारून घेतलं. दोष जन्माचा होता, आणि तो आईकडून आला. बायकांच्या अंगात तो सहसा नुसता वाहतो, बाधतो मुलग्यांना. माझ्यातही निघाला. लेकीत नाही, देवाची कृपा.

घरी आले तर आई दारात तांदूळ निवडत बसली होती.

"काय म्हनली गो डाक्टरीन? तिच्या मामासारखं नाय ना व्हायचं पोराचं?"

"नाय."

"कशाला होईल? याला कोन चिखलात घालनाराय!"

मी सूप ओढून तिच्यासमोर बसले. हे लिहून झालं की फाडणार आहे, कारण आई या वयातही सापडेल तो कागद वाचते. खरं कळलं तर उरलेले दिवस ती स्वतःला खात बसेल. म्हणून तुमच्यावरचा आळ मी तसाच राहू दिला, बाबा.