तीस घरं, खरी उत्तरं

३ मार्च, सकाळ
सून समाजशास्त्राच्या एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. हे शिकून पुढे काय, विचारलं. म्हणाली, आई, कॉलेजात शिकवता येतं, संस्थांमध्ये काम मिळतं, सर्वेक्षणाच्या ऑफिसात नोकरी लागते. तिला ऑफिसातलीच हवी. म्हणजे दारोदार जाऊन विचारायचं, तुमच्याकडे काय चाललंय. याला डिग्री लागते? मी तीस वर्षं फुकट करतेय.

५ मार्च
सून जिन्यात घसरली. पाय टम्म. तीस घरांच्या सर्वेक्षणाचे फॉर्म सोमवारी कॉलेजात द्यायचेत. सरांची सही झाली तरच ऑफिस तिला घेणार. मुख्य प्रश्न एकच : घरकाम कोण किती तास करतं? ती रडवेली. म्हटलं, अगं आण इकडे. तिने दोनदा बजावलं, लोक सांगतील तेच लिहायचं. न लिहायला काय झालं, सातवी पास आहे मी.

६ मार्च, संध्याकाळ
अकरा घरं. शिंपीणबाई म्हणाली, आमचे हे रोज दोन तास मदत करतात. त्या माणसाला मी बावीस वर्षं ओळखते. प्यायलेला पेला उचलत नाही. लिहिलं, शून्य. जिन्यात शिंपीणबाईला गंमत म्हणून सांगितलंसुद्धा. बँकवालीने स्वतःचे सहा तास सांगितले. हिच्याकडे कामाला दोन बायका. पाऊण तास दिला, तोही प्रेमापोटी. खोटंनाटं लिहून सुनेचा अभ्यास बिघडवायचा का?

८ मार्च
तीसही पूर्ण. सून म्हणाली, अक्षर छान आहे. ऑफिसने खरं तर मलाच घ्यावं.

१० मार्च, दुपार
सरांचा फोन. म्हणे, पडताळणी असते. ते दहा घरांना फोन करून तेच प्रश्न पुन्हा विचारतात. हे मला कोण सांगणार? दहातली आठ उत्तरं जुळली नाहीत. सरांनी सुनेला विचारलं, फॉर्म घरी बसून भरलेस का? तिचा चेहरा पांढराफटक. मी मागून म्हटलं, फॉर्म बरोबर आहेत, माणसं खोटी आहेत. तिने फोनवर हात ठेवला. सगळे फॉर्म रद्द. शुक्रवारी पाचपर्यंत नवे.

११ मार्च
सून लंगडत निघाली. सोबत येते म्हटलं. नको म्हणाली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

१३ मार्च, शुक्रवार, दुपारी २
एकोणतीस झाले. शिंपीणबाई दार उघडत नाही. शून्याचं नवऱ्यापर्यंत गेलंय. सुनेने सरांना विचारलं, आमचं घर धरलं तर चालेल? चालेल म्हणाले, पण तिथे मी फोन करणारच.
ती समोर खुर्ची ओढून बसली. आई, घरकाम रोज किती तास करता? म्हटलं, चार. पेन जरा थांबलं. मग तिने चार लिहिलं. मी वाकून पाहिलं.

१६ मार्च, सकाळी ९
सरांचा फोन. आजी, घरकाम तुम्ही स्वतः किती तास करता?
मागे सून भांडी घासत होती, सुजलेला पाय पाटावर ठेवून. पोळ्या झाल्या होत्या, कपडे वाळत होते. माझा चहा माझ्या हातात. खरा आकडा जिभेवर आला होता. तो सांगितला असता तर हाही फॉर्म पडला असता, आणि तिची नोकरी.
चार, म्हटलं. आवाज बारीक निघाला.
जुळलं, म्हणाले सर.
मोरीतला थांबलेला भांड्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला.