आर्वी स्टँडवरच्या टपरीची आणि तिच्या बोहनीची निरवानिरव

लिहून ठेवणार: सुधाकर वल्द नत्थूजी निंभोरकर, वय चोवीस, शिक्षण चौथी (पाचवीत बसलो होतो, पण उठून आलो), मूळ राहणार रोहणा, तालुका आर्वी, जिल्हा वर्धा, सध्या सुरत येथे यंत्रमागावर कामाला.

आज रोजी सुरतेच्या दवाखान्यात खाटेवर बसून, डोके ठिकाणावर आणि पोट तेवढे ठिकाणावर नसताना, कोणाची दमदाटी नाही, कोणाची लालूच नाही, अशा स्थितीत मी स्वतःच्या हाताने लिहितो की माझ्यामागे माझ्या वस्तूंचे व धंद्याचे खालीलप्रमाणे व्हावे. ही भाषा मला आर्वीच्या तहसिलीतले अर्जनवीस पुंडलिकराव यांच्यामुळे आली. त्यांना मी रोज चहा पोचवत असे आणि ते लोकांचे कागद मोठ्याने बोलत लिहीत. चहाचे पैसे ते महिन्याने देत, भाषा रोज देत.

मृत्युपत्राचे कारण असे की उद्या माझे अपेंडिक्स कापणार आहेत. त्याआधी डॉक्टरांनी एका गुजराती कागदावर सही घेतली. माझा खोलीतला सोबती, पुलगावचा रूपराव, याला गुजराती वाचता येते. त्याने वाचून सांगितले की काही बरेवाईट झाल्यास दवाखाना जबाबदार नाही. मी धंदा केलेला माणूस आहे. कापूस मोजणारा आधीच म्हणतो की वजनाची जबाबदारी माझी नाही, तेव्हा वजनाचे काय होणार आहे ते त्याला ठाऊक असते. म्हणून मी समजून चुकलो.

दुसरे कारण आईचे पत्र. आई आनंदाबाई हिने पुंडलिकरावांकडून लिहवून कळवले की आमचे जावई ओमप्रकाश हे दसऱ्याला माझ्या टपरीचे कुलूप तोडून तिथे पानठेला लावणार आहेत. आणि त्याच पत्रात खाली, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखे, की डोमाजींची कांता घरी येऊन टपरी भाड्याने मागून गेली. बाबा तिला नाही म्हणाले. तेव्हा दसऱ्याच्या आत टपरीचा निकाल लागला पाहिजे.

कलम पहिले. किरकोळ.

माझा कोंबडा बाबांना द्यावा. हा कोंबडा म्हणजे माझ्या पहिल्या धंद्याची शिल्लक. अंड्यांचा धंदा करायचा म्हणून मी हिंगणघाटच्या बाजारातून पिल्ले आणली, ती मोठी झाल्यावर सगळी कोंबडे निघाली. त्या साली रोहण्यात कोणाचीच झोप पुरी झाली नाही आणि सरपंचांनी मला बोलावून घेतले. त्यावरून एक सवय लागली, ती जो कोणी धंदा करील त्याने घ्यावी: ज्या मालातला नर-मादी आपल्याला ओळखता येत नाही तो माल घेऊ नये. बाबा त्या कोंबड्याला रोज शिव्या देतात आणि रोज ज्वारी टाकतात. तसेच चालू ठेवावे.

सायकल धाकटी बहीण अन्नपूर्णा हिला. ब्रेक नाहीत हे तिला माहीत आहे, जावयांना सांगू नये.

"आज नगद, उद्या उधार" ही पाटी जावई ओमप्रकाश यांना द्यावी. तिच्यातला मागचा अर्धा भाग त्यांच्याइतका मनापासून कोणीच पाळला नाही.

कलम दुसरे. झारा.

माझा मोठा झारा स्टँडच्या पलीकडच्या हॉटेलवाल्या भैयाजींकडे आहे. त्यांनी तो पोळ्याला एका दिवसासाठी नेला. कोणत्या पोळ्याला ते सांगितले नव्हते असे ते म्हणतात. झारा आणावा. भैयाजींबद्दल माझे मन साफ आहे, झाऱ्याबद्दल नाही.

कलम तिसरे. टपरी.

आर्वी एस.टी. स्टँडच्या दाराजवळची माझी पत्र्याची टपरी, कढई, स्टोव्ह, गिलासे, बाक आणि जागेचा परवाना, हे सर्व रोहण्याचे डोमाजी यांची मुलगी कांता हिला मिळावे. भाड्याने नाही, मालकीने. आत बाबांनी गायीच्या चाऱ्याचे कुटार भरले आहे, ते आधी काढावे.

हे वाचून घरात काय होईल ते मला इथे बसल्या दिसते. म्हणून खुलासा करतो.

टपरी मी चांगल्या जागी लावली होती. कापूस खरेदीला गाड्यांची रांग लागते, माणूस बैल सोडून दोन-दोन दिवस बसतो, एस.टी. वेळेवर येत नाही. जिथे माणूस अडकून पडला तिथे दुकान लावावे, हे मला कोणी शिकवले नाही. पण जागा चांगली असून आलूबोंडा उरत होता. संध्याकाळी मीच खायचो. माझ्या पोटाचे आज जे झाले त्याची सुरुवात तिथून असावी.

कांता तेव्हा रोहण्याहून पहिल्या गाडीने आर्वीच्या शिवणक्लासला येत असे. एक दिवस ती पहिली गिऱ्हाईक झाली. घोट घेऊन म्हणाली, "चहा हाये का भांडे धुतल्याचं पाणी?" पण पैसे दिले. त्या दिवशी माल दुपारीच संपला. दुसऱ्या दिवशी एका कंडक्टरने बोहनी केली, माल उरला. तिसऱ्या दिवशी पुन्हा कांता, पुन्हा खपला. आमच्याकडे पहिल्या गिऱ्हाइकाच्या हाताला किती मान आहे ते सांगायला नको. मी नक्की केले की पोरीचा हात लक्ष्मीचा आहे.

मग मी तिच्याआधी कोणाला चहाच देईना. गाडीवाले समोर उभे, बोंडे कढईत फुगलेले, आणि मी म्हणायचो, थांबा, बोहनी व्हायची आहे. एका ड्रायव्हरने विचारले की तुझं दुकान आहे की देऊळ, आणि तो भैयाजींकडे निघून गेला. भैयाजींनी ही गोष्ट हेरली. त्यांनी कांताला आपल्याकडे फुकट जिलबी देऊ केली. पण फुकटाची बोहनी होत नाही. तेव्हा ते तिच्या हातात नाणे ठेवून तेच नाणे तिच्याकडून परत घेऊ लागले. मला कळल्यावर मी आदल्या दिवशीच तिला नाणे देऊ लागलो. स्टँडवर दोन दुकानदार एका शिवणक्लासच्या पोरीची वाट अडवून उभे राहत आणि मागे गिऱ्हाईक आपापल्या घरी जाई.

शेवटी तिने दोघांची नाणी माझ्या ओट्यावर ठेवली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मी काय नारळ हावो का, रोज फोडाले? मी काय म्हणतो ते तू ऐकत नाई, नुस्तं नाणं पाह्यतं." मी म्हटले की हात तुझा चांगला आहे म्हणून तर. ती म्हणाली, "मंग हात ठेवून घेजो. मी चालली."

त्या दिवसापासून ती आली नाही. खप बसला. मी लिंबू-मिरची बांधली, टपरीचे तोंड पूर्वेला फिरवले, त्यामुळे सकाळचे ऊन थेट बोंड्यावर येऊ लागले. मग कुलूप लावून सुरतेला आलो.

इथे माझे शेठ आहेत. कापड घ्यायला दोन व्यापारी आले की एक वाहवा करतो, एक तोंड वाकडे करतो. वाहवा करणाऱ्याला शेठ उभ्या-उभ्या चहा पाजून वाटेला लावतात. तोंड वाकडे करणाऱ्याला गादीवर बसवतात, ताक मागवतात आणि विचारतात, खोट कुठे आहे ते बोट ठेवून दाखव. मग बोट जिथे पडले तो माग दुसऱ्या दिवशी बंद ठेवून दुरुस्त होतो. मी कापडाचे गठ्ठे उचलता-उचलता हे बघत होतो आणि एका दिवशी गठ्ठा खांद्यावर तसाच राहिला.

काऊन की मला आठवले. कांता म्हणाली चहा पाणी आहे, तर मी रागाने पत्ती वाढवली. म्हणाली गिलासाला वास येते, तर मी राख लावून गिलासे घासली. म्हणाली बोंड्यात सांबार नाई, तर मी जुडीभर हिरवीगार कोथिंबीर टाकली. तेल काळे आहे म्हणाली, बाया कुठं बसतीन म्हणाली, तर तेल बदलले, बाक आणला. हे सगळे मी तिचे तोंड बंद करायला करत होतो. माल त्याने खपत होता. आणि मी तिच्या हाताकडे बघत बसलो, तोंडाकडे नाही.

म्हणजे दुकान अर्धे तिचेच होते. उरलेले अर्धे मी देतो.

बाबा म्हणतील, "पोरीची जात, स्टँडावर उभी राहीन का? लोकं बोलतीन." बाबा, लोक बोलायला दुकानापर्यंत आले म्हणजे अर्धे काम झाले. बोलता-बोलता त्यांना भूक लागते.

कलम चौथे. टपरी घेणारीस सूचना.

हिला शिकवण्यासारखे माझ्याजवळ फार नाही, पण मृत्युपत्रात सूचना असतात म्हणून लिहितो. जो पहिला येईल त्याला पहिला द्यावा, मग तो कंडक्टर असो की भैयाजी. कढईजवळ जावयांना बसू देऊ नये, ते गिऱ्हाइकाआधी चव बघतात. एस.टी. उशिरा येणार असे कळले की स्टोव्ह मोठा करावा. जो गिऱ्हाईक न बोलता निघून गेला त्याला हाक मारून विचारावे. आणि टपरीचे तोंड परत उत्तरेला करून घ्यावे.

तिने मला माफ करावे असे मी लिहिणार होतो. रूपराव म्हणाला, मेलेल्या माणसाने काही मागू नये, द्यावे. म्हणून लिहीत नाही.

कलम पाचवे. देह.

माझा देह इथेच ठेवावा. आमच्या गाडीला भुसावळला फार वेळ थांबावे लागते, देहाचे हाल होतील.

येणेप्रमाणे वाचून, समजून, खाडाखोड स्वतः करून सही करतो.

सुधाकर नत्थूजी निंभोरकर
मुक्काम सुरत, तारीख २४ सप्टेंबर १९८४

साक्षीदार
१. रूपराव डेहनकर, राहणार पुलगाव, सध्या सुरत. (कोंबड्याबद्दलचे मला माहीत नाही, बाकी माझ्यासमोर लिहिले.)
२. सुलोचनाबाई, या वॉर्डातली आया, माहेर नंदुरबार. (पेशंट शुद्धीवर आहे. बोलणे थांबत नाही.)

पुरवणी, तारीख २८ सप्टेंबर

मी वर सही केलेला सुधाकर, मेलो नाही. अपेंडिक्स काढले. सुलोचनाबाई टाके बघायला आल्या तेव्हा मी त्यांना त्या गुजराती कागदाबद्दल विचारले. त्या म्हणाल्या, "अरे बाबा, गळू फोडायला येणाऱ्याचीपण त्यावर सही घेतात. आणि मृत्युपत्र मेल्यावर चालतं. तू तर पेज मागून राहिलास."

ही अडचण खरी आहे. मी जगलो तर टपरी माझीच, आणि माझी म्हणजे जावयांची. दसरा चार तारखेला आहे. कांताने माझ्या मरणाची वाट का बघावी?

म्हणून सर्वांस कळवतो की वरील कलम तिसरे आजपासून लागू आहे. टपरीपुरता मी मेलो असे समजावे. बाकी कलमे मी पुन्हा मरेन तेव्हा बघू. सायकल मात्र अन्नपूर्णाने ठेवून घ्यावी. किल्ली आईजवळच्या डब्यात आहे, ती आईने स्वतः डोमाजींच्या घरी नेऊन द्यावी, बाबांच्या हाती देऊ नये. हा कागद पुंडलिकरावांनी घरात मोठ्याने वाचावा. त्यांना तशीही सवय आहे.

टाके निघाले की मी भुसावळवरून पुलगाव आणि तिथून छोट्या गाडीने आर्वीला येईन. येऊन टपरीवर चहा घेईन. नाणे माझ्या खिशातले असेल, कोणी दिलेले नाही. चहा कितीही चांगला झाला असला तरी बोट ठेवून एक खोट दाखवीन, आणि खरी दाखवीन. मालकिणीने ती ऐकावी की नाही हा तिचा प्रश्न.

माझ्याआधी बोहनी झालेली असली तर रांगेत उभा राहीन.

सही: सुधाकर
समक्ष: रूपराव. सुलोचनाबाई. (टाके अजून ओले आहेत, गाडीत हसवू नये.)