आवतन एका माणसाचे

मी, चंद्रभागाबाई केवळराम निंबार्ते, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार शहापूर, तालुका व जिल्हा भंडारा, शिक्षण दुसरी, स्वतःच्या हाताने लिहून ठेवते की माझे डोके शाबूत आहे, कोणाचा दाब नाही आणि आज मी फार खूश आहे. कारण खाली येईल.

कलम १. राहते घर व तलावाखालची धानाची बांधी नात रुपा हिला. ती माझ्याजवळ राहते. मुलगा कैलाश नागपूरला असतो, त्याची हरकत नाही, विचारले आहे.

कलम २. पोस्टातले पैसे माझ्या तेरवीच्या जेवणाला. गोड बुंदीच करावी. जिलेबी गार झाली की दाताला ओढते.

कलम ३. कलम १ तेव्हाच लागू, जेव्हा रुपा तेरवीचे आवतन मी सांगते तसे देईल. परवा टीव्हीवर विलायतच्या राजाची मेजवानी दाखवत होते. मी विचारले, "इतक्या लोकायले बलावते कोण?" रुपाने मोबाईलवर वाचून सांगितले, की राजाची माणसे आणि सरकार मिळून नावे काढतात, ज्याच्याशी काम आहे त्याला आधी घेतात, कोण कुठे बसेल तेही मानाप्रमाणे ठरते, मग राजा पाहून हो म्हणतो. मला वाटे, राजा आवडीच्या माणसांना बोलावत असेल. ही तर आमच्या धाकट्या जाऊची, चंद्रकांताची रीत निघाली.

तिच्या मुलाच्या, राजकुमारच्या लग्नात साऱ्या मोहल्ल्याला चुलबंद आवतन होते. म्हणजे घरी चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी जेवायला यायचे. तुमसरचे राइस मिलवाले सहकुटुंब पहिल्या पंगतीत. आणि आम्ही नवरदेवाचे सख्खे मोठे काका-काकू, आमच्या घरी निरोप आला, "एक माणूस." का, तर दोघांच्या शेतामधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, बोलाचाली झाली होती. हे गेले. भाऊ होते ना. त्यांना तिसऱ्या पंगतीत कोपऱ्यात बसवले. घरी येऊन म्हणाले, "पोट भरलं." मी भात वाढला तर खाली मान घालून दोनदा मागून घेतला.

म्हणून माझ्या तेरवीला सारा मोहल्ला चुलबंद, चंद्रकांताच्या घरचा एक माणूस. रुपाने तिच्या अंगणात उभे राहून मोठ्याने सांगावे, शेजारी ऐकू गेले पाहिजे. जागा तिसऱ्या पंगतीत. वाढताना हात आखडू नये, बुंदीशी माझे भांडण नाही.

रुपा म्हणाली, "आजी, मरतानीही असं?"

"मरतानी नाही बाई, मेल्यावर."

कलम ४. वकील म्हणाले, ज्याला काहीच मिळत नाही असा साक्षीदार घ्या. मला पहिली जाऊच आठवली. ती ठेवणीतले लुगडे नेसून आली, काही मिळेल वाटले असेल. मी चष्मा लावून कलम ३ सावकाश वाचून दाखवले. तिने चहा संपवला, बशी पालथी घातली अन् म्हणाली, "एक माणूस ना, जाऊबाई? मंग मीच येतो. राजकुमारले नाही पाठवत."

मी म्हटले, "येजो. पर त्यासाठी तुले माह्यापेक्षा जास्त जगा लागन. गोळ्या वेळेवर घेत जा."

तिने सही केली.

हे सर्व माझ्या मनाचे आहे आणि पुढे बदलणार नाही.

चंद्रभागाबाई केवळराम निंबार्ते (सही)

साक्षीदार:
१. चंद्रकांता सुखराम निंबार्ते (सही)
२. चंद्रकुमार हटवार, शेजारी (सही)

ठिकाण: शहापूर
तारीख: १२ नोव्हेंबर २०२५