मधल्या खाडीत बंद पडतं ते

२७ ऑगस्ट १९५३
पुन्हा तेच. बाळकुमच्या धक्क्यावर पहिल्या हँडलला इंजिन सुरू, अगदी शहाण्या बाळासारखं. मधली खाडी आली की खोकलं आणि गप. मग हँडल मारून मारून खांदा निखळला. ढिम्म! शेवटी भरतीवर होडी सोडून दिली. वल्हं हातात होतं, पण मारलं नाही. धुक्यात दोन्हीकडची तिवरं हळूहळू मागे सरकत होती. मेलं इंजिन, पण किती बरं वाटलं.
काठावर माझा बाप, आबा, जाळं सांधत बसलेला. मान वर न करता म्हणाला, "शिडाची होडी कवा अशी मधी मेली नाय."

३० ऑगस्ट
फिल्टर धुतला. नळी फुंकली. तोंडात डिझेल. शेवंती म्हणते, आता जवळ येऊ नका.
शिडाची डोलकाठी उतरवून इंजिन बसवलं, तेव्हापासून आबाने होडीत पाय ठेवलेला नाही. बोलतो, पण तिरकं. आज रागात मीच बोलून बसलो, गणपतीपर्यंत नीट चाललं नाही तर काठी परत उभी करतो. जिभेला हाड नाही माझ्या. काठी उभी राहिली तर इंजिन गेलं. आणि मला आबाला पुढे बसवून, वाऱ्याची वाट न बघता, कल्याणपर्यंत न्यायचंय. दुपारी डोळा लागला तर तेच दिसलं. आबा पुढे, पाठमोरा, पांढरे केस उडतायत.

४ सप्टेंबर
कोपरच्या अलीकडे बंद. डिझेल संपलं की काय म्हणून टाकीचं झाकण फिरवलं, तर फुस्स करून हवा आत गेली. डिझेल भरपूर. नळीतली हवा काढली, हँडल मारलं, सुरू!
झाकणाला वरून बारीक भोक असतं. ते बुजलेलं. डिझेल खाली जातं, वरून हवा नाही, मग इंजिनाचा घसा कोरडा. एवढंच! आणि मी गाढव महिनाभर नळ्या फुंकतोय.
भोकात शेंदूर. तेलात कालवलेला, थरावर थर. बाभळीच्या काट्याने टोकरून काढला.

रात्री जेवताना
शेवंतीवर डाफरलो. नारळी पुनवेची पूजा तिनेच केलेली, मला वाटलं तिचंच काम. ती उलट माझ्यावर. "मी एकदाच हळदकुंकू वाहिलं, ते पण इंजिनाच्या चाकाला. शेंदूर मी कशाला लावू? डोलकाठीच्या बुडाला रोज पहाटे कोण लावायचं, आठवा जरा."
घास तसाच राहिला. टाकी काठीच्याच जागेवर बसवलीय, दुसरी जागाच नव्हती.
म्हणजे मी उठायच्या आधी आबा रोज होडीत चढतो. माझ्या इंजिनाला शेंदूर लावतो. आणि दिवसभर मला टोमणे! हसू आलं, मग रडूच आलं.

५ सप्टेंबर
सांगायचं कसं? तुझ्या शेंदरानेच बंद पडतं म्हटलं, तर मेल्याहून मेल्यासारखं होईल त्याला. पुन्हा हात लावणार नाही. न सांगावं तर मधली खाडी आहेच.
परसात जुनी डोलकाठी पडलीय. बुडाकडचा हातभर तुकडा कापला. टाकीला लागूनच घट्ट ठोकून बसवला. आबाने करवतीचा आवाज ऐकला. 

६ सप्टेंबर
होडीत बसून लिहितोय. इंजिन चालू आहे, अक्षर हलतंय.
झाकण कोरडं. लाकूड लाल, अजून ओलं.
आबा काठावर जाळं घेऊन. विचारलं, "आबा, कल्याणला चाललोय. येतोस?"
"मधी मेली तर?"
"तर तू वल्हव."
हसला नाही. जाळं मांडीवरून काढलं, उठला. भरती लागलीय, निघायला हवं. मी हाक मारत नाही. जाळं गुंडाळतोय की नुसतं झटकतोय, इथून कळत नाही.