‘संपलं’चा डबा

बाळेगद्दे, ता. सिद्दापूर
१२ डिसेंबर १९९७

ती. अक्कास, शि. सा. न. वि. वि.

तू दिवाळीत ओसरीवर बांधून दिलेली दोरी अजून शाबूत आहे. न्हाणी, दोसा, शाळा, झोपाळा, सगळी चित्रं चिमट्यांना लटकताहेत. सासूबाई म्हणतात, म्हैसूरच्या बाईंनी आमच्या घराचा धोबीघाट केला. पण आंघोळीवरून होणारा आकांत थांबला, हे त्याही कबूल करतात. भार्गवी न्हाणीचं चित्र स्वतः दोरीवरून काढते, गुपचूप न्हाते आणि चित्र ‘संपलं’च्या डब्यात टाकते. सात वर्षांत शेजारणींनी पहिल्यांदाच विचारलं, पोर घरी नाही का म्हणून! तू बजावलं होतंस तसं ती उठायच्या आत मी डबा रिकामा करून सगळं पुन्हा दोरीवर लावते. एक दिवस चुकवलेला नाही.

पण अक्का, एक विचित्रच झालंय. घरात कोण आहे ते तिला कळावं म्हणून तू आमचे फोटो टोकाला लावलेस ना? त्यातला माझा फोटो ती डब्यात टाकू लागली आहे. यांचा नाही, सासूबाईंचा नाही, माझाच. आंघोळ संपली, दोसा संपला, तशी अम्माही संपली?

हुबळीच्या, न बोलणाऱ्या मुलांसाठीच्या निवासी शाळेचा फॉर्म आला आहे, संक्रांतीच्या आत पाठवायचाय. हे म्हणतात, तिथे शिकलेली माणसं आहेत, आणि तू किती झिजशील? मी आजवर अडून बसले. पण लेकीलाच मी नकोशी झाले असेन, तर अडून तरी कुणासाठी बसू? काही सुचत नाही. लवकर लिही.

तुझी,
विशालू

*

म्हैसूर
२० डिसेंबर १९९७

चि. विशालूस, अ. उ. आ.

तुझं पत्र मधल्या सुट्टीत वाचलं आणि नंतरच्या तासाला भान हरपून मुलांना पुन्हा जेवणाचे डबे उघडायला सांगितले. मुलं खूश, मुख्याध्यापिका नाखूश.

तू लहानपणापासूनच रडूबाई. तरी यावेळी तुला हसावंसं वाटत नाही. एवढ्या वर्षांत इतकी मुलं हाताखालून गेली, पण कुणी आईला डब्यात टाकलेलं मी पाहिलं नाही. लग्नातल्या त्या फोटोत तू दागिन्यांनी एवढी मढलेली आहेस की तिने तुला ओळखलंच नसेल. किंवा रागावली असेल. किंवा तिला डब्याचा आवाज आवडत असेल. खरं सांगू, मला कळत नाही, आणि कळत नाही हे तुला लिहिताना लाज वाटते.

एक कर. एक वही घे आणि लिहून ठेव: फोटो कुठल्या दिवशी टाकला, कधी टाकला, त्याआधी काय घडलं. अंदाज बांधू नकोस, दिसेल तेच लिही.

हुबळीची शाळा वाईट असेल असं मी म्हणत नाही. विचार करून पाठवलंस तर मी स्वतः तिला पोचवायला येईन. पण रुसून पाठवू नकोस. ती सात वर्षांची आहे आणि तू बत्तीसची.

सासूबाईंना नमस्कार. धोबीघाटाचं भाडं मागू नका म्हणावं.

तुझीच,
अक्का

*

बाळेगद्दे
४ जानेवारी १९९८

ती. अक्कास, शि. सा. न. वि. वि.

वही लिहिली. लिहिली नसती तर बरं झालं असतं.

सुपारी सोलायची धांदल चालू आहे. तुला माहीतच आहे, आज हेगड्यांच्या अंगणात तर उद्या भटांच्या, सगळ्या बायांनी पाळीपाळीने जायचं. दिवेलागणीला मी निघते, परत येईतो भार्गवी झोपलेली असते. सोलणी आमच्याकडे असली की माझा फोटो दोरीवर राहतो. मी बाहेर गेले की डब्यात! बारा दिवसांत एकदाही चुकलं नाही. म्हणजे मी फाटकाबाहेर पडले रे पडले की ती मला संपवून मोकळी होते.

त्यावर कहर म्हणजे, श्रावणात वारलेल्या सासऱ्यांचा, तिच्या अज्जांचा, हार घातलेला फोटो तिने स्टुलावर चढून काढला आणि तोही डब्यात टाकला. सासूबाई दिवसभर जेवल्या नाहीत. सकाळी मी फोटो भिंतीवर लावते, संध्याकाळी तो पुन्हा डब्यात. आणि रोज उठल्यावर ही अज्जांची काठी घेऊन फाटकाशी उभी. काय चाललंय तिच्या डोक्यात, देव जाणे.

मी फॉर्मवर सही केली आहे. रागावू नकोस. यांनी विचारलं, नक्की ना? मी मान हलवली आणि गोठ्यात जाऊन रडले. पुढच्या आठवड्यात टपालात टाकीन.

विशालू

*

बाळेगद्दे
११ जानेवारी १९९८

ती. अक्कास, शि. सा. न. वि. वि.

काल मला ताप होता. पहाटे उठवेना, डबा तसाच राहिला. डोळे उघडले तर भार्गवी डबा मांडीवर घेऊन माझ्या उशाशी बसलेली. तिने झाकण काढलं, माझा फोटो बाहेर काढला. फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या गालावर हात ठेवून अशी खुदकन हसली! धावत जाऊन फोटो दोरीला लावून आली. नंतर अज्जांचा फोटो काढला आणि तो हातात धरून फाटकाकडे बघत राहिली.

अक्का, आपण दोघी किती मठ्ठ! त्याला ‘संपलं’चा डबा आपण म्हणतो. तिने काय पाहिलं? रात्री डब्यात गेलेली आंघोळ सकाळी परत येते, दोसा परत येतो, शाळा परत येते. रोज पहाटे मीच तर तसं करत होते. मी सोलणीला गेले की ती मला डब्यात ठेवायची, मी परत यावं म्हणून. आणि मी रोज यायचे गं!

यांना आणि सासूबाईंना सगळं सांगितलं. सासूबाईंनी डबा पदराने पुसला.

अज्जांचं काय करू, ते मात्र तू सांग. ती आजही काठी घेऊन उभी होती. यासाठी तुझ्याकडे कुठलं चित्र आहे? मला सुचेना, म्हणून मीही तिच्याशेजारी उभी राहिले.

फॉर्म मी न्हाणीच्या चुलीत घातला. तिथून काही परत येत नाही. शाळेचं पुढे कधीतरी बघू, तुला विचारून.

लोभ आहेच, तो वेगळा मागत नाही. तुझा एक फोटो तेवढा पाठव. तू यावीस म्हणून तो रोज संध्याकाळी डब्यात जाईल, तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत तुला यावंच लागेल.

तुझी,
विशालू