उलट्या झबल्याची पद्धत

आई, मध्यंतरी बाळाच्या डॉक्टरांनी मला सहज विचारलं, "तुम्हाला लहानपणी असं काही होत होतं का? अंगाला खाज, लाल चट्टे?" मला उत्तर देता आलं नाही. तिथूनच दादांना फोन केला, तर ते म्हणाले, "ते सगळं तुझ्या आईला माहीत." त्यांचंही बरोबर आहे. मला कधी काय झालं, काय खाल्लं की मी ओकायचे, हे सगळं तुझ्याकडे होतं. तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते. असलं काही विचारून ठेवावं हे त्या वयात कोणाला सुचतं? लेकीला मांडीवर घेऊन त्या खुर्चीत बसले होते आणि मला तू इतकी हवी होतीस, की डॉक्टर पुढे काय म्हणाले ते पुन्हा विचारावं लागलं.

झालं असं की संक्रांतीला तिचं बोरन्हाण केलं. सासूबाईंनी मेन रोडवरून हौसेनं काळा जाळीचा फ्रॉक आणला, वर हलव्याचे दागिने. बोरं, लाह्या, चॉकलेटं डोक्यावर पडताना ती अशी काही टकामका बघत होती, की तू असतीस तर दृष्ट काढायला तिथल्या तिथे उठली असतीस. संध्याकाळी फ्रॉक काढला आणि माझं धाबं दणाणलं. गळा, मनगटं, गुडघ्यांच्या मागचा भाग, सगळं लालभडक. गालांवर थोडं आधीपासून होतं, पण ते आम्ही थंडीवर ढकललं होतं. ती रडत नव्हती, नुसती माझ्या खांद्यावर गाल घासत होती, पुन्हापुन्हा. ते मला बघवेना.

मग सल्ल्यांना काय तोटा! शेजारच्या काकू म्हणाल्या, कडुलिंबाच्या पाण्यानं अंघोळ घाल. खालच्या मजल्यावरून मोहरीच्या तेलाची बाटलीच आली. सासूबाईंचं म्हणणं, डाळीचं पीठ लावून नीट चोळून काढू आणि वर ओव्याची धुरी देऊ. डॉक्टरांनी एका दमात सगळ्यांना घरी बसवलं. पीठ नको, धुरी नको, पावडर नको, वासाचं काहीच नको. कोमट पाण्याची झटपट अंघोळ, टॉवेलनं घासायचं नाही, टिपायचं, आणि अंग ओलसर आहे तोवर साधं, बिनवासाचं मलम जाड थरानं लावायचं. अंगावर सुती कपडे. इथवर सगळे कबूल झाले. पण लाल चट्ट्यांवर थोडे दिवस लावायला एक सौम्य क्रीम दिली होती, त्या खोक्यावरचं ह्यांनी वाचलं आणि सासूबाईंनी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं. "अगं, एवढ्याशा जिवाला स्टेरॉइड?" डॉक्टरांनी नीट समजावलं होतं, तरी माझाही धीर होईना. ट्यूब कपाटात गेली. बाळ खाजवत राहिलं आणि मी तिच्या मुठी धरून बसायचे.

आणि मला आणखी एक वेडी भीती होती. आपल्याकडे मुलांना कपडे उलटे घालतात ना, शिवण बाहेर ठेवून? मी तशीच वाढले. नाशिक रोडच्या कॉलनीत तू मला कडेवर घेऊन भाजीला निघायचीस, आणि कोणीतरी हटकायचंच, "अहो, पोरीचा फ्रॉक उलटा झालाय." तू थांबतेस, हसतेस, ऑफिसातल्या त्या ठाम आवाजात सांगतेस, "आमच्या कळवणकडे अशीच पद्धत आहे. शाळेत जाईपर्यंत उलटंच घालतात. नजर लागत नाही." बायका माना डोलावतात. मला तर त्या पद्धतीचा केवढा तोरा होता! सासरी मी ती तुझ्याच थाटात सांगितली आणि सासूबाईंनी कौतुकानं पाळलीही. जन्मापासून बाळाचं प्रत्येक झबलं उलटं. फक्त बोरन्हाणाला फोटोंसाठी फ्रॉक सुलटा घातला, आणि त्याच दिवशी हे झालं. माहेरची पद्धत मोडली म्हणून तर नाही ना? तू हसशील, पण विचारायला तू नव्हतीस, मग मी कळवणला मावशीला फोन लावला. म्हटलं, "मावशी, उलट्या झबल्याची पद्धत मोडली तर काय करायचं असतं?"

"कसली पद्धत?" मावशी म्हणाली. मी सांगितलं. ती अशी हसत सुटली की तिला ठसका लागला. "अगं बाई, असं काय नाय आपल्याकडं! माझ्या पोरांना कधी घातलं का उलटं? तुझं अंग लय खराब होतं गं. कोपरं, गुडघे, नुसतं सोलल्यावानी. शिवण टोचायची तुला. आन् लोकं लय चौकशा करायचे, पोरीला काय झालंय, पुढं लग्नाचं कसं व्हायचं. मग तुझ्या आईनं ती पद्धत काढली. मला बी दम दिला होता, कुणी विचारलं तर हाय म्हण."

मी विचारलं, "आणि औषध?" "लावायची की. आमची आई, तुझी आजी, लय ओरडायची, डाक्टरचं मलम नको म्हणून. तुझी आई म्हणायची, डाक्टर शिकलाय, आन् मी रोज बघतीये. आम्ही दोघं मिळून बरं करू. झालीस की बरी!"

फोन ठेवला आणि स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून मी रडले, आई. लोकांनी माझ्या अंगाकडे बघून हळहळू नये म्हणून तू अख्ख्या कळवण तालुक्याच्या गळ्यात एक पद्धत बांधलीस, आणि मलासुद्धा पत्ता लागू दिला नाहीस. सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "विहीणबाई भारीच होत्या. भेटायला हव्या होत्या गं." मग कात्री घेऊन बसल्या आणि झबल्यांची टोचणारी लेबलं उसवून काढली. कपाटातली ट्यूब त्यांनीच माझ्या हातात दिली. डॉक्टरांनी सांगितलं तशीच लावली आणि सांगितलं तेव्हा थांबवली. चट्टे मावळले. अधूनमधून पुन्हा येतील, मोठी होईल तसं कमी होत जाईल, असं म्हणतात. आता रात्री झोपते तरी. डॉक्टरांनाही त्यांचं उत्तर दिलं. हो, मलाही होतं.

आता रोज अंघोळीनंतर गॅलरीतल्या उन्हात तिला पालथी घेते आणि पाठीवरून मलमाचा हात फिरवते. ती शांत पडून असते, मधूनच हुंकारते. तूही मला रोज अशीच घेत असणार. हे पत्र कुठे धाडायचं नाहीच, म्हणून इथे लिहायला हरकत नाही. तुझा आवाज मला आठवतो, चालणं आठवतं, रागावणंही आठवतं. पाठीवर फिरलेला तुझा हात मात्र कितीही डोळे मिटले तरी आठवत नाही, आई.