जावळाच्या दिवशी तू हसली नाहीस

इनामगाव

चि. सोनम, आबाचा आशीर्वाद.

जावळ काढताना डोक्यावरून वस्तरा फिरत होता, तरी तुझं बाळ पप्पूमामाच्या मांडीवर निपचित पडून होतं. पप्पू म्हणाला, "माझा भाचा पैलवान हाय!" सगळे हसले. तू हसली नाहीस. म्हणालीस, "भूक लागली तरी रडत न्हाई ह्यो. डॉक्टरला दाखवू." त्यावर तुझी सासू म्हणाली, "आबाची लेक शोभतीस! त्यांना बी शेळी शिंकली तरी झोप लागत न्हाई."

मी तेव्हा तुझी बाजू घेतली असती, तर तुझी आणखी थट्टा झाली असती.

पोरी, मी आता थकलोय, पण बाळाचं ते न रडणं मनातून जात नाही. बाळ रात्रंदिवस तुझ्याजवळ असतं. तुला जे खटकतं, ते खरं मान.

हे पत्र लिहिलं खरं, पण टपालात टाकणार नाही. तुझ्या सासरी मोठ्यानं वाचतील आणि हसतील. सकाळच्या एसटीनं मीच तुझ्याकडं कारेगावला येतो. म्हणेन, "मला झोप लागंना. नातवाला दवाखान्यात दाखवल्याबिगर मी जायचा न्हाई." मग ते मला हसत बसतील. तेवढ्यात तू बाळाला उचल आणि चल.

तुझा काळजीखोर बाप,
मल्हारी